जुने ऋण आणि गेलेली पत



थकलेले कर्ज लाजेपायी झाकून ठेविले की ते व्याजासह वाढत जाते, हे आपण जाणताच. हल्ली आपली पत सिबिलसारख्या चार संस्थांच्या दप्तरी ३०० ते ९०० या अंकांत मांडिली जाते. प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा विनामूल्य अहवाल मिळतो. तो प्रथम मागवावा. त्यात चुकीची नोंद आढळल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

कधी बँक म्हणते, ‘थोडे द्या, प्रकरण मिटवू.’ तेणेकरून तगादा थांबतो खरा. परंतु दप्तरी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पुढील कर्ज देणारा त्याचा अर्थ ‘पुरते फेडले नाही’ असाच घेतो. यास्तव शक्य तोवर हप्ते बांधून घेऊन संपूर्ण फेड करावी, आणि बेबाकीचा दाखला जपून ठेवावा.

पैसे घेऊन खरी नोंद पुसून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. वेळेवर भरलेल्या प्रत्येक हप्त्याने पत सावकाश परत येते. मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढण्याची वेळ येईल, तेव्हा हीच पत आपणांस खाजगी सावकाराच्या दारी जाण्यापासून वाचवील.