सागरतीरावरील हिरवळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संस्कारित प्रत)



या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वी जे विद्वान वक्ते बोलून गेले त्यांनी ज्ञानेश्वरीपासून बंगळूरच्या जहागिरीवर आलेल्या शहाजीराजांपर्यंत अनेक विषयांना हात घातला. आम्ही साधे बी. ए.; केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे मारण्यापलीकडे आमच्या लेखणीने फारसा पराक्रम केलेला नाही. तेव्हा भाषणाची आज्ञा झाली त्या वेळी आम्ही नम्रपणे नकार दिला. परंतु मंडळाच्या वाचनालयात स्कॉटलंडचा नकाशा पसरून बसलेले आम्हांला चिटणीसांनी पाहिले होते. ते म्हणाले, "त्या नकाशावरच बोला." म्हणून आज आम्ही, अद्याप न घडलेल्या एका प्रवासाचे वर्णन करण्यास उभे आहोत. प्रवासवर्णने प्रवासानंतर लिहावयाची असतात हे आम्ही जाणतो. तथापि या प्रवासाच्या पूर्वतयारीलाच इतकी वर्षे लागली आहेत की तिचाच एक इतिहास झाला आहे.

प्रवास आहे स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या पुरातन गोल्फ मैदानांचा. 'गोल्फ' हा शब्द उच्चारताच सभागृहात जे स्मित उमटले ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. मराठी मध्यमवर्गीयाने क्रिकेटवर बोलावे, फार तर बुद्धिबळावर. गोल्फ हा साहेबाचा खेळ. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. आपल्या शहरातील बंगळूर गोल्फ क्लब 1876 साली स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या जुन्या क्लबांत त्याची गणना होते आणि हाय ग्राउंड्सवरील त्याची हिरवळ आपण सर्वांनी जाता-येता पाहिली आहे. परंतु 1876 हेच म्हैसूर, मद्रास आणि आपल्या दख्खनला होरपळून काढणाऱ्या महादुष्काळाचे पहिले वर्ष होय. एकाच वर्षी कुंपणाच्या आत हिरवळ जोपासली जात होती आणि बाहेर माणसे अन्नावाचून मरत होती, ही गोष्ट या खेळावर प्रेम करणाऱ्यानेही विसरू नये.

मात्र त्याच कुंपणाला पुढे हळूहळू दारे पडली हेही सांगितले पाहिजे. याच शहरात कॅडी म्हणून इतरांच्या पिशव्या वाहणाऱ्या सी. मुनियप्पा यांनी 2009 साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. बंगळूरची अदिती अशोक 2015 मध्ये सेंट अँड्र्यूजला सेंट रूल करंडक जिंकून आली आणि 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचे पदक एका स्थानाने हुकले. त्या दिवशी पहाटेपासून दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी, ज्यांना या खेळातले काही कळत नाही, देवापुढे निरांजन लावले होते.

आम्हांला या खेळाची दीक्षा मिळाली ती वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आणि ती देणारे होते भाऊ. मंडळाच्या जुन्या सभासदांना भाऊंची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. गणेशोत्सवात मांडवाच्या बांबूपासून विसर्जनाच्या ट्रकपर्यंत सर्व व्यवस्था ज्यांच्या खांद्यावर असे, तेच हे भाऊ. आमच्याच खात्यातून ते निवृत्त झाले होते. एका रविवारी त्यांनी आम्हांला पाहुणे म्हणून मैदानावर नेले, हाती काठी दिली आणि म्हणाले, "लहानपणी विटीदांडू खेळलास ना? मग भितोस कशाला?" आमचे बालपण गुहागरच्या पुळणीवर गेलेले. दांडू चांगला परिचयाचा होता. परंतु विटी हवेत उडते आणि हा चेंडू जमिनीवर स्वस्थ बसून आपली परीक्षा पाहतो, एवढा फरक ध्यानी येण्यास आम्हांला दोन वर्षे लागली.

स्कॉटलंडची ही मैदाने 'लिंक्स' म्हणून ओळखली जातात. हा शब्द समजावून सांगताना आम्हांला गुहागरचीच आठवण होते. आपल्या कोकणात समुद्राच्या पुळणीमागे आणि शेतीवाडीच्या अलीकडे एक रेताड, उंचसखल पट्टा असतो. तेथे भात पिकत नाही. मर्यादवेल पसरते, सुरू वाढतो, गुरे फिरतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील असाच पट्टा म्हणजे लिंक्स. नांगराला निरुपयोगी, पाण्याचा झटकन निचरा होणारी, मेंढ्यांनी आणि सशांनी गवत कुरतडून आखूड ठेवलेली ही जमीन गावकऱ्यांनी खेळासाठी वापरली. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या खळग्यांतून वाळूचे 'बंकर' निर्माण झाले असे परंपरा सांगते. जगभर आज लक्षावधी रुपये खर्चून जे खड्डे खणले जातात त्यांचे मूळ शिल्पकार हे असे होते!

या खेळाचे वय पाहू गेल्यास मन थक्क होते. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावू लागली होती. पुढे 1502 मध्ये खुद्द राजा चौथा जेम्स याने खेळाच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद आहे. सरकारी नोकरीत असल्याने नियम आणि अंमलबजावणी यांतील हे अंतर आम्हांला अगदी घरचे वाटते. 1552 साली, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्मापूर्वी पाऊणशे वर्षे, सेंट अँड्र्यूजच्या आर्चबिशपने तेथील लिंक्सवर खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क लेखी मान्य केला. 1744 मध्ये, सातारच्या गादीवर शाहू महाराज असताना, एडिंबरोजवळील लीथ येथे गोल्फचे पहिले तेरा लेखी नियम तयार झाले. 1764 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या खेळाडूंनी बावीस होलांच्या फेरीतून चार वगळले. जगाने अठरा हा आकडा उचलला तो तेथून.

या इतिहासात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. 1842 साली मुंबईत गोल्फ क्लब निघाला आणि त्या क्लबाने सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबास एक रौप्यपदक अर्पण केले. 'बॉम्बे सिल्व्हर मेडल' या नावाने ते ओळखले जाते. भाऊंना ही गोष्ट कळली त्या दिवशी ते म्हणाले, "आपल्या मुंबईची एक वस्तू तिकडे आहे. तिची विचारपूस करायला कोणीतरी गेले पाहिजे." अशा रीतीने प्रवासाचा संकल्प सुटला.

चौघे ठरलो: भाऊ, एक डॉक्टर, एक बँक अधिकारी आणि आम्ही. भाऊंनी शंभर पानी वही घातली. सहलीचा मार्ग त्यांनी विचारपूर्वक आखला होता. प्रथम एडिंबरोजवळचे मसलबरा. येथील जुने नऊ होलांचे मैदान घोड्यांच्या शर्यतीच्या मार्गाच्या आत आहे. 1672 साली तेथे खेळ झाल्याची नोंद आहे आणि आजही जुन्या धाटणीच्या लाकडी दांड्याच्या काठ्या भाड्याने घेऊन तेथे खेळता येते. खर्चही बेताचा. नंतर नॉर्थ बेरिक, जेथे चेंडू दगडी गडग्यावरून पलीकडे मारावा लागतो. कोकणी माणसास गडग्याचे भय नाही. त्यानंतर सेंट अँड्र्यूज, आणि शेवटी पश्चिम किनाऱ्यावरचे प्रेस्टविक, जेथे 1860 साली पहिली ओपन स्पर्धा झाली. आठ खेळाडू, बारा होलांच्या तीन फेऱ्या आणि विजेता विली पार्क. दूर उत्तरेकडील डॉर्नोक भाऊंनी लाल शाईने लिहिले आणि निळ्या शाईने खोडले. कारण समासात एकच शब्द होता: 'तिजोरी'.

तिजोरीविषयी बोललेच पाहिजे. सेंट अँड्र्यूजच्या 'ओल्ड कोर्स'वर परक्या पाहुण्यास हंगामात एका फेरीसाठी तीनशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात. सरकारी प्रवाससवलत देशाच्या सीमेपाशी संपते. परदेशी जाण्यास खात्याची पूर्वपरवानगी लागते ती निराळीच. हँडिकॅपचा दाखला जवळ लागतो. गाडीत बसून फिरण्याची मुभा नाही, चालावे लागते. आणि एवढे करूनही खेळावयास मिळेलच असे नाही. बहुतेकांसाठी दोन दिवस आधी नावे द्यावयाची आणि सोडत निघते. त्यात नाव लागले तर भाग्य. सोडत हुकल्यास शेजारी 1895 सालचा 'न्यू कोर्स' आहे, एकशेतीस वर्षांचा झाला तरी अद्याप नवाच! आणि 1897 सालचा 'ज्युबिली' आहे. तो मुळात स्त्रिया आणि नवशिके यांच्यासाठी आखला होता असे वाचल्यावर आमच्या मनावरचे मोठे दडपण उतरले. आपल्या मंडळाच्या ज्युबिलीशी त्याचा नामयोगही जुळतो.

आम्ही ठरविले होते ते 2020च्या मे महिन्यात जावयाचे. त्या वर्षी काय झाले ते सांगावयास नको. विमाने थांबली, ओपन स्पर्धाही रद्द झाली, जे दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच घडत होते. भाऊ दूरध्वनीवर म्हणाले, "मैदान पाच-सहाशे वर्षे थांबले आहे, आणखी एक वर्ष थांबेल." मैदान थांबले, भाऊ थांबले नाहीत. 2021च्या मे महिन्यात, त्या दुसऱ्या लाटेत, ते गेले. मंडळाच्या ज्या माणसाने शेकडो जणांना खांदा दिला त्याला खांदा देण्यास आम्हांपैकी कोणासही जाता आले नाही. त्या गोष्टीचे शल्य आम्हां तिघांच्या मनात आहे आणि ते राहील.

त्यानंतर आम्ही हा विषय सोडून दिला. 2022 मध्ये सेंट अँड्र्यूजला दीडशेवी ओपन झाली तेव्हा आम्ही दूरचित्रवाणी लावली आणि थोड्या वेळाने बंद केली. वर्षे गेली. मग एके सायंकाळी वहिनी आमच्या घरी आल्या. त्यांनी पिशवीतून ती शंभर पानी वही काढली आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तिघे जाऊन या. पैसे त्यांनी बाजूला काढून ठेवले होते, ते तसेच आहेत." आम्हांला काय बोलावे ते सुचेना. तेव्हा त्यांनीच पुढे विचारले, "एवढेच सांगा, जिला खेळता येत नाही अशा बाईला तिथे आत सोडतात का?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे आम्ही वारा, वाळू, दर आणि सोडत यांचा अभ्यास केला. हा प्रश्न आम्हांला पडलाच नव्हता. शोध घेतला तो ही माहिती हाती आली. सेंट अँड्र्यूजची ती जमीन कोणा क्लबाच्या मालकीची नाही. ती गावाची आहे. 1797 साली कर्जात बुडालेल्या नगराने ती विकली, सशांचा व्यापार करणाऱ्यांनी तेथे ससे पाळले आणि खेळाडूंचा त्यांच्याशी तंटा 1821 पर्यंत चालला. पुढे 1894 मध्ये संसदेच्या कायद्याने नगरपालिकेने ती परत मिळविली आणि 1974 च्या कायद्यान्वये आज एक न्यास तिची व्यवस्था पाहतो. तेथील बायाबापड्या एके काळी या हिरवळीवर धुणे वाळत घालीत. आणि रविवारी ओल्ड कोर्सवर सामान्यतः खेळ बंद असतो. त्या दिवशी ते मैदान गावाचे उद्यान होते: मुले खेळतात, वृद्ध फिरतात, कुत्री धावतात. कोणीही यावे. दाखला नाही, सोडत नाही, तीनशे पौंड नाहीत.

भाऊंच्या वहीत त्या जागी नोंद आहे: 'रविवार बंद. दिवस वाया.' आम्ही मार्ग पुन्हा आखला आहे तो त्या रविवारभोवती. शनिवारी सायंकाळी सेंट अँड्र्यूजला पोहोचावयाचे. गावात रेल्वे नाही, ती 1969 सालीच बंद झाली. लूखर्स स्थानकावर उतरून बसने जावे लागते. रविवारी सकाळी वहिनी, आमच्या सौभाग्यवती आणि आम्ही तिघे पहिल्या होलापासून चालू लागणार. अठराव्या होलापाशी स्विल्कन ओढ्यावर एक लहानसा दगडी पूल आहे. एके काळी मेंढपाळ त्यावरून जात. आता जगज्जेते त्यावर उभे राहून निरोप घेतात. त्या पुलावर वहिनी घटकाभर थांबतील. सोमवारपासून सोडतीत आमची नावे असतील. लागली तर खेळू, न लागली तर ज्युबिलीवर जाऊ. त्याची चिंता आता उरलेली नाही.

ज्यांनी कधी अशी सहल योजली असेल, काशीची असो वा कोकणाची, त्यांना आमची एकच विनंती आहे. दर पाहा, हवामान पाहा, परवानग्या काढा. परंतु सोबत येणाऱ्या माणसांच्या वयाकडेही एकदा पाहा, आणि तारीख जवळची धरा. तसेच बरोबर कोणाला न्यावयाचे राहून गेले आहे काय, हे घरात विचारून पाहा.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. घरापासून दूर आलेल्या माणसांनी, ज्या जमिनीवर आपला सातबारा नाही त्या जमिनीवर, सर्वांना येता यावे अशी एक जागा राखली. भाऊंसारख्यांनी ती झाडून, सारवून, मांडव घालून राखली. तिचे दार असेच उघडे राहो, ही श्रीगजाननचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.