पुलाआधी खांब तपासा
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दंतवैद्य सभासदाने दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज बसवायचा म्हटलं की आपण दोनच प्रश्न विचारतो: खर्च किती आणि टिकेल किती? त्याआधी विचारायचा प्रश्न राहूनच जातो. शेजारचे दात कसे आहेत?

ब्रिज म्हणजे पूलच. मधल्या कृत्रिम दाताला मूळ नसतं. त्याच्यावरचा चावण्याचा भार शेजारच्या दोन दातांना, म्हणजे खांबांना पेलावा लागतो. गच्चीवर पाण्याची नवी टाकी चढवण्याआधी आपण कॉलम तपासून घेतो, तसंच हे आहे.

खालची पहिली मोठी दाढ घ्या. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. कुठलाही दुधाचा दात न पडता येते, म्हणून पुष्कळ पालकांना ती दुधाचीच वाटते. कीड लागते, दुर्लक्ष होतं आणि दाढ काढावी लागते. मग जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली, तर मागची दाढ पुढे कलते आणि वरची खाली उतरू लागते. कललेल्या खांबावर ब्रिज सरळ बसत नाही. दाढ जास्त तासावी लागते, कधी रूट कॅनालही करावं लागतं. जखम भरेपर्यंत काही आठवडे थांबणं योग्यच, पण पुढे ढकलत राहू नका.

खांब तपासायचे म्हणजे एक्स-रे हवाच. हाडात घट्ट असलेलं मूळ निदान बाहेर दिसणाऱ्या दाताइतकं लांब हवं. खांबांच्या मुळांचा एकूण आधार गेलेल्या दातांच्या मुळांपेक्षा कमी नसावा, हा नियम अँटे यांनी 1926 मध्ये मांडला. आजही अंदाज घ्यायला तो उपयोगी पडतो. हिरड्या सुजलेल्या असतील, दात हलत असेल, तर आधी तो उपचार, मग ब्रिज.

अंतराचंही गणित आहे, बरं का! एका दाताऐवजी दोन दातांची जागा भरायची असेल, तर तेवढ्याच जाडीचा पूल तेवढ्याच भाराखाली दुप्पट नव्हे, आठपट वाकतो. तीन दातांसाठी सत्तावीसपट! म्हणून "तिन्ही दात एकाच ब्रिजमध्ये बसवून टाका" हा आग्रह दरवेळी शहाणपणाचा नसतो.

आणि ब्रिजची खरी किंमत बिलात दिसत नाही. त्यासाठी शेजारचे दात तासावे लागतात, आणि दाताचं तासलेलं आवरण पुन्हा येत नाही. शेजारचे दात आधीच मोठ्या फिलिंगचे असतील, त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज उत्तम. एका कामात दोन कामं होतात. पण दोन्ही दात धडधाकट असतील, तर इम्प्लांटचा पर्याय जरूर विचारा. मधुमेह, धूम्रपान, चालू असलेली औषधं डॉक्टरांना सांगा. निर्णय त्यावरही ठरतो.

ब्रिज बसला म्हणजे काम संपलं नाही. मधल्या दाताखाली अन्न अडकतं आणि खांबाला कॅपच्या कडेखाली कीड लागू शकते. सुपरफ्लॉस किंवा बारीक ब्रशने रोज रात्री तिथे सफाई करा.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की एक्स-रे समोर ठेवून विचारा, "डॉक्टर, माझे खांब कसे आहेत?" उत्तर नीट समजलं, की मगच होकार द्या.