भूकंपात माणूस कशाने मरतो?

(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



भूकंप झाला की आपल्याकडं लगेच म्हणतात, पाप वाढलं, धरणीमाय कोपली. आम्ही विचारतो, मग लहान भूकंपात लाखो माणसं मरतात आणि मोठ्या भूकंपात शेकड्यांत मरतात, ते कसं?

२०१० सालचे दोन भूकंप बघा. १२ जानेवारीला हैती या गरीब देशात ७.० रिश्टरचा भूकंप झाला. लाखाच्या वर माणसे गेली असे बहुतेक हिशेब सांगतात. तिथल्या सरकारने तर आकडा तीन लाखांवर सांगितला. पुढच्याच महिन्यात, २७ फेब्रुवारीला, चिली देशात ८.८ रिश्टरचा झाला. त्याची शक्ती हैतीच्या सुमारे पाचशे पट! तरी समुद्राच्या लाटांत गेलेले धरून मृत्यू सव्वापाचशेच्या आसपास.

हैतीचा धक्का राजधानीला अगदी लागून होता, हे खरे. पण खरा फरक बांधकामाचा. १९६० साली चिलीत ९.५ रिश्टरचा भूकंप झाला होता, आजवर मोजलेला जगातला सर्वांत मोठा. त्या देशाने बांधकामाचे नियम कडक केले आणि पाळले. हैतीत नियमांची सक्ती नव्हती, काँक्रीटमध्ये पुरेसे लोखंड नव्हते.

आता आपली किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारचा सुमार, ६.२ रिश्टर. लातूर-उस्मानाबादकडची आठ-दहा हजार माणसे झोपेतच गेली. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. भिंती फुटल्या आणि माळवद अंगावर आलं. कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपड्या मात्र बऱ्याच टिकल्या. ज्या भिंतीला आपण मजबूत म्हणत होतो, तिनेच माणूस मारला. यात कोप कुठं आला?

साचेखात्यात राबलेल्या आम्हाला थरथरती जमीन ठाऊक आहे. जे एकमेकांना बांधलेलं असतं ते टिकतं. सुटं असतं ते निखळतं.

म्हणून गावी घर बांधणाऱ्यांना आमचं सांगणं आहे. दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींतून सलग फिरणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा घाला. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवा. छप्पर हलकं ठेवा. मुहूर्त विचारण्याआधी इंजिनिअरला विचारा. सरकारी घरकुल असेल तर लोखंड किती घातलं, हे उभं राहून मोजा. भूकंप थांबवणं कुणाच्या हातात नाही. भिंत बांधणं आपल्या हातात आहे.