हॉबिटांच्या आधी आपल्याकडे एक पोरगी यमुनेत उडी मारून गेली होती

नाशिकहून पुन्हा एकदा तुमच्या कानात.

आज 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल बोलायचंय. २००१, २००२, २००३. तीन वर्षं, तीन सिनेमे, आणि तिसऱ्याला एकट्याला ११ ऑस्कर. आपल्या वयाच्या बऱ्याच जणांनी ते थिएटरात पाहिलेच नाहीत. टीव्हीवर पाहिले, हिंदी डबिंगमध्ये, मधे मधे साबणाच्या जाहिराती. तरी जीव जडला तो जडलाच.

माझा सगळ्यात लाडका सीन लढाईचा नाहीये. सुरुवातीला गँडाल्फ गाडी हाकत येतो आणि शेजारी चिमुकला फ्रोडो बसतो ना, तो. दोघं खरं तर शेजारी नाहीतच. गाडीची बैठक अशी बनवली होती की फ्रोडो बराच मागे बसेल, आणि कॅमेऱ्याच्या कोनातून दोघं खेटून बसल्यासारखे दिसतील. कॉम्प्युटर नाही, काही नाही. सुतारकाम आणि डोकं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी तो सीन सात-आठ वेळा मागे घेऊन पाहिला. युक्ती कळल्यावर मजा कमी व्हायला हवी होती, ती उलट वाढली.

आणि मग मी शोधत गेलो, की असली नजरबंदी आपल्याकडे पहिल्यांदा कुणी केली? उत्तर आमच्या नाशिकपासून तासाभराच्या आत निघालं. त्र्यंबकेश्वर. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०.

थांबा, स्किप करू नका! दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला शाळेतला धडा आठवतो, नाहीतर पुरस्कार. पण या माणसाने एपिक फँटसीची अख्खी रांग लावली होती. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र', त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर', १९१७ ला 'लंकादहन', १९१८ ला 'श्रीकृष्णजन्म', १९१९ ला 'कालियामर्दन'. राक्षस, उडणारा हनुमान, जळणारी नगरी, नागाशी कुस्ती. काय बाकी राहिलं सांगा?

माणूस पण कसला! जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेला, फोटोग्राफर, छापखानेवाला, आणि वर जादूगार. जादूचे प्रयोग करायचा तेव्हा नाव काय घ्यायचा, तर प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा. १९१२ ला लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आला. पैसे उभे करायला लोकांना आधी एक नमुना दाखवला, कुंडीतल्या रोपाची वाढ. रोज थोडं थोडं शूटिंग, आणि पडद्यावर रोप मिनिटभरात भराभर वाढतंय. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डेमो म्हणतो तो हाच. आणि डेमोला साधारण महिना लागला तरी माणूस कंटाळला नाही.

आता त्या युक्त्या कशा चालायच्या बघा. 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर जातं आणि परत खाली येऊन बसतं. असला प्रकार करायचा तर फिल्मचा एक भाग काळा झाकून शूट करायचं, फिल्म उलटी गुंडाळायची, मग दुसरा भाग झाकून त्याच फिल्मवर पुन्हा शूट करायचं. कॅमेरा हाताने फिरवायचा, म्हणजे हँडल किती वेळा फिरवलं ते मोजत बसायचं. मॉनिटर नाही, अनडू नाही. जमलं की फसलं हे फिल्म धुतल्यावरच कळणार. आणि फिल्म धुवायची, तिला भोकं पाडायची ही कामं घरात सरस्वतीबाई फाळके करायच्या. युनिटचा स्वयंपाक पण त्यांच्याचकडे. आजच्या क्रेडिट लिस्टमध्ये त्यांचं नाव किती वेळा आलं असतं, तुम्हीच मोजा.

पण खरं प्रेम मला 'कालियामर्दन'वर आहे. त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची स्वतःची मुलगी, मंदाकिनी. जेमतेम सहा-सात वर्षांची. सिनेमा सुरू होतो तोच तिच्या चेहऱ्यावर. साधी, घरातली पोर. ती रागावते, हसते, रडवेली होते, आणि मग बघता बघता त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा मुकुट येतो. म्हणजे बाप आधीच सांगून टाकतो, 'ही माझी लेक आहे, हे नाटक आहे.' आणि तरीही थोड्या वेळाने ती कदंबावरून यमुनेत उडी मारते तेव्हा आपण घाबरतो! पाण्याखाली नागाशी झुंज चाललीय आणि मधे मधे काठावरची माणसं दिसतात, ऊर बडवणारी, वाकून पाण्यात बघणारी. नाग कापडाचा आहे की कशाचा, याच्याशी आपल्याला देणंघेणं राहत नाही. काठावरच्यांचा जीव टांगणीला लागलाय ना, मग आपलाही लागतो.

इथे मला दोन्हींचं गुपित एकच वाटतं. फ्रोडोचा डोंगर चढताना सॅम सोबत नसता, तर उरला असता नुसता धूर आणि लाव्हा. जादू राक्षसात नसतेच. त्याच्याकडे बघणाऱ्या आपल्या माणसाच्या डोळ्यांत असते. हल्लीच्या काही महागड्या फँटसीत हजारो सैनिक मरतात आणि आपण मात्र मोबाइल चेक करत असतो. कारण काठावर कुणी उभंच केलेलं नसतं.

आता वाईट भाग. 'रिंग्ज' तुम्ही आज रात्री फोरकेमध्ये, लांबवलेल्या आवृत्तीत पाहू शकता. फाळक्यांचं काय? १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, इथे एकामागून एक चित्रपट बनले. त्यांच्या नावावर एकूण ९५ च्या आसपास सांगतात. त्यातले बहुतेक गेले. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भसकन पेट घेणारी, आणि नाही पेटली तर डब्यात पडून चिकट होऊन कुजणारी. जे हाती लागलं त्यामागे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांची चिकाटी आहे. १९६४ ला हे संग्रहालय सुरू झालं, म्हणजे फाळके नाशिकमध्येच वारले त्याला २० वर्षं होऊन गेली होती. 'कालियामर्दन'चा बराचसा भाग वाचला. 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म' यांचे तुकडे उरले. भस्मासुर तर नावाप्रमाणे भस्मच झाला. कमलाबाई गोखले त्यात मोहिनी होत्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. आपल्या पडद्यावरच्या अगदी पहिल्या स्त्रिया, आणि त्या दोघी पडद्यावर कशा दिसायच्या, हे आपल्याला बघता येत नाही. हे मला खरंच लागतं.

म्हणून आज एकच मागणं. यूट्यूबवर 'कालियामर्दन' सापडतो. घरात एखादं लहान पोर असेल तर त्याला मांडीवर घेऊन बघा. तो मूकपट आहे, त्यामुळे आवाज तुम्हीच द्यायचा, नाग फुत्कारेल, यशोदा रडेल. १९१९ मध्ये एका बापाने आपल्या लेकीला पाण्यात ढकललं होतं, पोरांना मजा यावी म्हणून. ती मजा अजून येते का, ते पोराच्या चेहऱ्याकडे बघून मला कळवा. आणि नाशिकला आलात तर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे बाग बघून सेल्फी काढाच, पण बरोबर आलेल्यांना प्रोफेसर केळफाची गोष्टही सांगा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!