घरच्या वस्तूला चिठ्ठी लावा



दिवसभर कामे करून तुम्ही येथे आलात. म्हणून फार लांबण लावीत नाही. आज संग्रहालयाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

संग्रहालय म्हणजे काय? जुन्या, पाहण्याजोग्या वस्तू जिथे जपून मांडून ठेवतात ते घर. आपल्याकडे जुनी माणसे त्याला अजबखाना म्हणत. पुष्कळांना वाटते की ते शहरातल्या लोकांचे काम आहे. तिथे राजांच्या तलवारी असणार, राण्यांचे दागिने असणार. आपला त्याच्याशी काय संबंध? आम्हांलाही आधी असेच वाटत होते. ती समजूत कशी गेली, ते ऐका.

अधोली गेली

इथे धारूरला आमच्या घरी पितळेची एक अधोली होती. अधोली म्हणजे धान्य मोजायचे माप. दोन अधोल्यांची एक पायली. आजोबांच्या वेळी खळ्यावर तिनेच ज्वारी मोजीत. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन, चार. बलुतेदारांचे बलुते त्याच अधोलीने दिले जाई.

पुढे वजनेमापे बदलली. १९५६ साली कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजने सुरू झाली. शेर, पायली, मण हळूहळू मागे पडले. आमची अधोली माळ्यावर जाऊन पडली.

एके दिवशी दारात भंगारवाला आला. माळ्यावरच्या चार वस्तूंबरोबर आम्ही अधोलीही त्याला दिली. वजनावर पैसे घेतले. संध्याकाळी आई शेतातून आली. तिने विचारले, "माळ्यावरची अधोली कुठं हाये रं?" आम्ही सांगितले. ती काही बोलली नाही. त्या रात्री ती अर्धीच भाकर खाऊन उठली.

आम्ही मनात म्हटले, जाऊ द्या, अडगळ कमी झाली.

पुण्याचे संग्रहालय

पुढे एका लग्नासाठी आम्ही पुण्याला गेलो. सोबत मुले होती. पाहुणे म्हणाले, "आलाच आहात, तर केळकर संग्रहालय पाहून घ्या."

हे संग्रहालय दिनकर गंगाधर केळकर यांनी उभे केले. त्यांचा जन्म १८९६ सालचा. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय केले. गावोगाव हिंडून, पदरचे पैसे घालून वस्तू मिळवल्या. हजारो वस्तू जमल्या. १९७५ साली त्यांनी त्या सगळ्या सरकारच्या हवाली केल्या. आपल्यासाठी काही ठेवले नाही.

आता तिथे काय आहे म्हणाल, तर सुपारी कातरायचे अडकित्ते. दाराची कुलपे. समया, दिवे. स्वयंपाकघरातली भांडी. पोरांची खेळणी. रोजच्या घरातल्या वस्तू! लोक तिकीट काढून त्या पाहत होते.

आमचा धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, आपल्या घरी होतं का असं काही?"

आम्हांला अधोली आठवली. उत्तर देता आले नाही.

तेरला आईबरोबर

पुणे लांब पडते. पण असेच एक संग्रहालय आपल्याला जवळ आहे. ते तेर गावात आहे, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. संत गोरा कुंभारांचे गाव ते. पुढल्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे निघालो. या खेपेला आईलाही बरोबर घेतले. भाकरी-ठेचा बांधून घेतला. केज, कळंब करत दुपारपर्यंत पोहोचलो. आधी गोरोबाकाकांचे दर्शन घेतले आणि मग संग्रहालयात गेलो.

तेरचे जुने नाव तगर. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत व्यापाराचे एक पुस्तक लिहिले गेले. त्यात तगरचे नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे गाव आहे, असे त्यात लिहिले आहे. तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. तिथून ते गलबतांत चढे आणि समुद्रापार जाई.

इतक्या जुन्या गावाच्या पोटात काय नसेल? आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. धाब्याच्या घरावर टाकायला लोक पांढरीची माती आणतात. पाऊस पडला, माती धुपली, की पांढरीवर मणी, खापरे, बाहुल्या, नाणी उघडी पडतात. तेरमध्येही तसेच होई. बहुतेक लोक पायाने सारून पुढे जात. रामलिंगप्पा लामतुरे नावाचे तेरचेच एक गृहस्थ होते. ते मात्र थांबत आणि वस्तू उचलून जपून ठेवीत. त्यांना तो छंदच लागला. वर्षानुवर्षे त्यांनी हजारो वस्तू जमवल्या. आज त्यांच्या नावाने तिथे सरकारी संग्रहालय आहे.

तिथली एक वस्तू सांगतो. हस्तिदंताची स्त्रीची लहानशी मूर्ती आहे. इटली देशात पाँपेई नावाचे शहर होते. इ. स. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाडले गेले. तिथे १९३८ साली खोदताना हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती निघाली. तिचे आणि तेरच्या मूर्तीचे पुष्कळ साम्य आहे. म्हणजे बघा, समुद्रापलीकडच्या शहराचा आणि आपल्या तेरणाकाठच्या गावाचा असा संबंध! लामतुऱ्यांसारखा माणूस नसता, तर तो आपल्याला कळला असता का?

पण आईचे लक्ष मूर्तीकडे नव्हते. ती मातीच्या बाहुल्यांपुढे उभी होती. आई तेव्हा आपल्याच वर्गात वाचायला शिकत होती. वय झालेले होते. जोडाक्षर आले की अडत होती. काचेमागे एक चिठ्ठी होती. आई बोट धरून वाचू लागली, "भा-ज-ले-ली मा-ती." मागे माणसे खोळंबली. आम्हांला अवघडल्यासारखे झाले. आम्ही म्हटले, "आई, मी वाचून दाखवतो." ती म्हणाली, "थांब. माझं मला वाचू दे."

तिने सगळे वाचले. मग नातवाला म्हणाली, "आरं, आमच्या लहानपणी पोळ्याला आम्ही मातीचे बैल करायचो. माती अशीच भाजायची. फार जाळ लागला की तडकायची." आणि मग ती बोलतच राहिली. माती कुठली आणायची, तीत काय मिसळायचे, भट्टी कशी लावायची, सगळे सांगितले. मुले तोंडाकडे पाहत राहिली. आम्हीही पाहत राहिलो. आईला इतके ठाऊक आहे, हे इतक्या वर्षांत आम्ही कधी विचारलेच नव्हते.

परतीच्या गाडीत आई म्हणाली, "आपल्या अधोलीला चिठ्ठी असती, तर तू ती मोडीत दिली नसतीस."

मंडळी, हे बोलणे आम्हांला लागले. पण ते खरे होते. आम्ही शाळा शिकलेले. वजनात तिचे पितळ किती भरेल ते आम्ही पाहिले. ती कोणाची, तिने काय मोजले, हे आम्ही पाहिले नाही. कारण ते कुठे लिहिलेले नव्हते.

आपल्या ओट्यावरचे प्रदर्शन

पुढच्या दिवाळीत आम्ही एक लहानसे प्रदर्शन भरवले. वर्गाच्या ओट्यावर दोन सतरंज्या अंथरल्या. वर्गातल्या प्रत्येकाला सांगितले, घरून एक जुनी वस्तू आणा. वस्तूबरोबर आपल्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आणा. चिठ्ठी नसेल तर वस्तू मांडायची नाही.

लोकांनी कंदील आणले, लाकडी मुसळ आणले. एकाने विहिरीच्या मोटेचे फाटके कातडे आणले. एकाने निजामाच्या वेळचे हाली रुपये आणले. १९४८ सालापर्यंत आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्याचे नाणे वेगळे होते. सात हाली रुपये दिले म्हणजे साधारण सहा इंग्रजी कलदार मिळत.

एका बाईने तिफणीचे चाडे आणले. शाळेतला एक मुलगा म्हणाला, "ही कसली वाटी? हिला तर खाली भोके आहेत!" तेव्हा एक म्हातारबाबा पुढे झाले. त्यांनी चाड्यावर मूठ धरून दाखवली. बी बोटांतून कसे सोडायचे, दाट पडले तर काय होते, पातळ पडले तर काय होते, सगळे सांगितले. मुले तिथून हलेनात. ती बाई घरी जाताना चाडे पदराखाली धरून घेऊन गेली. आधी ते चुलीत घालायचे ठरले होते, असे तिनेच आम्हांला सांगितले.

पाहायला कसे जावे

आता कामाचे बोलू. संग्रहालय पाहायला जायचे तर एवढे करा.

पहिले, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. हेलपाटा नको.

दुसरे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. त्यांना बसायला जागा पाहा. वस्तू दिसली की त्यांना विचारा, "असलं तुम्ही वापरलं होतं का?"

तिसरे, सगळे पाहायची घाई करू नका. एकच दालन पाहा, पण चिठ्ठ्या वाचून पाहा. अक्षर अडले तर लाजू नका. मागची माणसे थांबतील.

चौथे, हात लावू नका. घामानेही जुनी वस्तू खराब होते.

आणि शेतात काही जुने सापडले तर? ते फोडू नका. चिंच लावून घासू नका. घासले की नाण्यावरची अक्षरे जातात. कोणत्या शेतात, किती खोल सापडले, ते लिहून ठेवा. सापडली त्या जागेवरूनच जाणत्या माणसाला वस्तूचे वय काढता येते. तसा कायदाही आहे. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले, तर कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. हा कायदा १८७८ सालचा आहे. तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत विचारा, ते वाट सांगतील. गुपचूप विकू नका.

आपले धारूर काही लहान नाही. हा किल्ला आदिलशाहीतल्या किश्वरखानाने १५६७ साली बांधला. १६३१ साली मोगलांनी तो घेतला. मोगलांच्या वेळी गावाला फतेहाबाद म्हणत. त्या काळच्या नाण्यांवर फतेहाबाद धारूर असे टाकसाळीचे नाव आढळते. म्हणजे एके काळी आपल्या गावात नाणी पडत होती. किल्ला रोज आपल्या डोळ्यांपुढे आहे. पण घरची माणसे घेऊन, मुलांना सांगत सांगत, किती जण तिथे गेलो आहोत?

शेवटचे सांगणे

मंडळी, तुम्ही वाचायला शिकलात. आता लिहायलाही लागलात. कोणी म्हणते, या वयात लिहून काय करायचे? आम्ही म्हणतो, हे करा. घरातली एक जुनी वस्तू घ्या. जाते असेल, अडकित्ता असेल, समई असेल. एका कागदावर चार ओळी लिहा. वस्तूचे नाव काय. ती कोणाची. ती कशासाठी वापरीत. हे कोणी सांगितले. खाली आपले नाव आणि तारीख घाला. कागद वस्तूला बांधून ठेवा.

जे सांगू शकतात ती माणसे आज आपल्यात आहेत. ती कायमची राहणार नाहीत. म्हणून उद्यावर टाकू नका.

आईने घरी परत आल्यावर पहिली चिठ्ठी पाट्याला लावली. वाकड्या अक्षरांत तिने लिहिले, "हा पाटा माज्या सासूचा. तिच्या हातची चटणी गावात नावाजलेली. इकू नये."

अक्षरे चुकली आहेत. आम्ही ती सुधारली नाहीत. पाटा अजून घरात आहे.

येत्या रविवारी वर्गात पुन्हा प्रदर्शन भरवायचे आहे. प्रत्येकाने एक वस्तू आणावी, घरची माणसे आणावीत, आणि चिठ्ठी विसरू नये.

राम राम.