चौघांचा स्नेह



उन्हाळ्याच्या दिवसांत घरची कामे आवरून आपण गोदाकाठी व्याख्यान ऐकावयास येता, ही नाशिकची जुनी रसिकता होय. आज आम्ही घेतलेला विषय तसा घरगुती आहे. मित्रामित्रांच्या मैत्रीवर पुष्कळ लिहिले गेले, पतिपत्नींच्या प्रेमावर तर काव्येच्या काव्ये झाली. परंतु दोन जोडपी जेव्हा जन्माची स्नेही होतात, तेव्हा तो स्नेह कशाने वाढतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

सप्तपदीत सख्याचे पाऊल सातवे आहे. अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू यांच्यासाठी सहा पावले टाकून झाल्यावर ते येते. म्हणजे सख्य आधी ठरवून मिळत नाही. काही अंतर बरोबर चालल्यावर ते हाती लागते. दोन जोडप्यांच्या स्नेहालाही हाच नियम लागू आहे.

आपण नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, असे म्हणतो. १९६९ चा पूर आणि २००८ चा पूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. स्नेहाचे मापही असेच संकटात कळते. सहलीला बरोबर जाणारी जोडपी पुष्कळ असतात. पाणी चढू लागल्यावर मुलेबाळे आणि अंथरूण-पांघरूण घेऊन ज्यांच्या दारी न विचारता जाता येते, अशी थोडी.

या बाबतीत महर्षी धोंडो केशव कर्वे आणि नरहरपंत जोशी यांचे उदाहरण मननीय आहे. दोघे कोकणातले आणि मुंबईत बरोबरीने शिकणारे. कर्वे १८८४ साली बी. ए. झाले. पुढे मुंबईत या मित्रांची बिऱ्हाडे एकत्र होती. कर्व्यांची पत्नी राधाबाई त्या संसारात होत्या. नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाई भावाच्या आश्रयाला आली, तीही त्याच घरात वावरली. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले, तेव्हा गोदूबाई तेथे शिकावयास गेल्या. बहिणीने शिकावे असे वाटणारा भाऊ त्या काळी विरळाच!

१८९१ साली राधाबाई वारल्या. त्याच वर्षी कर्वे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेले. घरची माणसे पुन्हा लग्न करा म्हणू लागली, तेव्हा विधवेशीच विवाह करीन, असे त्यांनी ठरविले. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्याबद्दल कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. अशा वेळी नुसत्या तात्त्विक सहानुभूतीचा काय उपयोग? एका घरात काढलेले दिवस, एकमेकांची पाहिलेली अडचण आणि एकमेकांच्या माणसांविषयीची खात्री, हीच खरी शिदोरी. पुढे १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० साली तो हिंगण्यास गेला. बाया कर्वे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोदूबाईंनी त्या कार्यासाठी किती खस्ता खाल्ल्या, ते त्यांच्या ‘माझे पुराण’मध्ये वाचावे.

या उदाहरणातून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, बहुधा पुरुषांची ओळख आधी होते आणि बायकांना ती मैत्री आंदण मिळते. ती आंदणच राहिली, तर पुरुषांची बदली झाली की संपते. पण दोघींनी एका चुलीवर स्वयंपाक केला, एकमेकींच्या बाळंतपणात रात्री जागविल्या, की ती त्यांची स्वतःची होते. आणि आमच्या मते घरांचा स्नेह टिकतो तो याच बळावर.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. चौघांचे कधीतरी तीन होणार. आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यक शिकत असता कार्पेंटर कुटुंबाने त्यांना लेकीसारखे वागविले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा समुद्रापलीकडे कार्पेंटरबाईंकडे गेली आणि पकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. नाते रक्ताचे नव्हते, देशाचे नव्हते, धर्माचेही नव्हते; तरी मेलेल्या मैत्रिणीला त्या घराने आपल्यांत जागा दिली.

मग आपल्या हयात स्नेह्यांना आपण जागा देतो काय? मित्र गेला की वर्षभर त्याच्या घरी जाणेयेणे राहते. पुढे त्याच्या पत्नीचे नाव आमंत्रणातून हळूहळू गळते. सहलीला जोडीजोडीने जावयाचे, म्हणून तिला कोणी विचारीत नाही. हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, असा संकोच वाटतो. पत्नी गेलेला मित्रही असाच एकटा पडतो. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ठराव हवेतच. पण ठरावाने कोणाच्या कपाळी कुंकू लागत नाही. ते लावणारा हात शेजारच्या घरातला असावा लागतो.

तीस-चाळीस वर्षे ज्यांच्याबरोबर मुलांची आजारपणे काढली, आईवडिलांना पोचविले, सिंहस्थात एकमेकांचे पाहुणे सांभाळले, त्यांच्यातील एकजण गेला म्हणून त्या वर्षांची किंमत कमी होत नाही. उलट त्या घराच्या अर्ध्या आठवणी आता आपल्यापाशीच असतात. राहिलेल्याला आपल्या माणसाविषयी मोकळेपणी बोलावयाचे असते, आणि त्याला ओळखणारे श्रोते फार थोडे उरलेले असतात.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. आपल्या ओळखीत असा एकटा राहिलेला स्नेही असेल, तर या आठवड्यात त्याच्याकडे जा. तो नको म्हणाला, तरी पुढच्या खेपेस पुन्हा बोलवा. पंक्तीला पान मांडताना त्याचे पान आपल्या शेजारी मांडा.