कला शाखेचे पुढे काय?



बारावीचा निकाल लागला की येडगाव-नारायणगावच्या पट्ट्यात एकच प्रश्न कानी येतो : कला शाखा घेऊन पुढे काय? ज्या घरी द्राक्षबाग आहे, उसाचे चार पैसे येतात, ते घर मुलाला अभियांत्रिकीकडे धाडते. कला शाखा उरते ती बहुधा मुलींना, आणि ज्यांच्या बापाजवळ फी भरायला पैसा नाही त्यांना. विद्याशाखांतही जातीसारखी उतरंड तयार झाली आहे, आणि स्वतःला समाजवादी म्हणविणाऱ्यांच्या घरांतही ती निमूटपणे पाळली जाते.

प्रश्न मात्र खोटा नाही. एम. ए. होऊन नेट-सेट उत्तीर्ण झालेले कितीतरी तरुण आज महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास, तेवढाच मोबदला. इतर कित्येक जण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत ऐन उमेदीची वर्षे घालवतात. जागा थोड्या आणि उमेदवार अफाट, असा हा हिशेब आहे. अशांना ज्ञानाची महती ऐकविणे ही त्यांची थट्टाच होईल.

तरीही या विद्यांचा उपयोग काय, असे येडगावात विचारणाऱ्याने आधी समोरच्या धरणाकडे पाहावे. कुकडी अडविली, भिंत उभी राहिली. ते काम अभियंत्यांचे होते आणि त्यांनी ते केले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी ही पाच धरणांची योजना. येथून निघालेल्या डाव्या कालव्याचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जाते. पण आवर्तन आधी कोणाला, उसाला किती आणि पिण्याला किती, कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याचा हक्क कोणता? डिंभ्याच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले, तेथील माणसांचे पुढे काय झाले? भिंतीच्या नकाशात हे प्रश्न मावत नाहीत. ते अर्थशास्त्राचे, कायद्याचे, इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे प्रश्न आहेत.

या संदर्भात इरावती कर्वे यांची आठवण व्हावी. १९२६ साली त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. मुलीने तत्त्वज्ञान शिकून पुढे काय, असे विचारणारे त्या काळीही कमी नसतील. मुंबईत घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, बर्लिनमध्ये मानवशास्त्र आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेज असा त्यांचा प्रवास झाला. त्यांचे 'युगान्त' सर्वांना ठाऊक आहे. परंतु कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेली आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेली पाहणी कार्यकर्त्यांच्याही फारशी वाचनात नाही. जमीन किती बुडाली हे सरकारी दप्तरात सापडते. भाऊबंद कोठे पांगले, लेकी दिलेल्या गावांशी येणेजाणे राहिले का, नव्या जागी गावकी पुन्हा उभी राहिली का, हे दारोदार जाऊन विचारावे लागते. आणि विचारायचे कसे, ऐकलेले पडताळायचे कसे, हे शिकावे लागते. दुर्दैव एवढेच, की ती पाहणी लोक उठल्यानंतरची आहे. राज्याचा पुनर्वसन कायदा त्याहूनही उशिरा, १९७६ साली झाला, आणि कोयनेचे धरणग्रस्त त्यानंतरही वर्षानुवर्षे मोर्चे काढीत राहिले.

अर्थात गाइडे पाठ करून मिळालेल्या पदवीतून असे काम होणार नाही. (गाइडांची दुकाने मात्र ग्रंथालयांपेक्षा बरी चालतात.) रिक्त जागा पूर्ण वेतनावर भराव्यात, ही मागणी तर हवीच, पण कला शाखेच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र यावे, सातबारा वाचता यावा, स्वच्छ मराठीत अहवाल लिहिता यावा, हाही आग्रह पक्षाने धरला पाहिजे. जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळी आवर्तनात कालव्याकाठच्या गावांत फिरून कोणाच्या शेतात किती तास पाणी गेले, याची नोंद करावी. म्हणजे पाणीवाटपाच्या पुढच्या बैठकीत टेबलावर केवळ पाटबंधारे खात्याचेच आकडे नसतील.